कोणाला घ्यावे? : पोर्टलंडचा जुना वाद

२००७ सालच्या जून महिन्यात एका रात्री माझ्या एका वर्गमित्राचा पोर्टलंडहून फोन आला. हा मित्र अमेरिकेच्या वायव्येकडील ऑरेगन राज्यात, संगणकाच्या चिप बनविणाऱ्या एका कारखान्यात नोकरीला लागून तेव्हा जेमतेम दोन वर्षे झाली होती. घरची ख्यालीखुशाली विचारून झाल्यावर तो एकदम म्हणाला, "बरं, तू अर्थशास्त्र शिकवतोस ना? मग सांग, आपण कोणाला घ्यावं? ओडनला की ड्युरंटला?" ही दोन्ही नावे मी पूर्वी ऐकलेली नव्हती. त्याच्या कचेरीत कोणाची तरी नेमणूक व्हायची असावी, असा माझा समज झाला. खोदून विचारल्यावर उलगडा झाला. प्रश्न बास्केटबॉलचा होता. 'आपण' म्हणजे पोर्टलंड ट्रेल ब्लेझर्स हा त्या शहराचा व्यावसायिक संघ. आणि ओडन व ड्युरंट हे महाविद्यालयाचे पहिले वर्ष नुकतेच संपवलेले अठरा-एकोणीस वर्षांचे दोन मुलगे. त्यांपैकी एकाला उचलण्याची पहिली पाळी पोर्टलंडकडे आली होती, आणि सारे शहर दोन तटांत विभागले गेले होते. केस कापणाऱ्याच्या दुकानात, बसच्या थांब्यावर, कारखान्याच्या उपाहारगृहात दुसरा विषय नाही, असे मित्र सांगत होता. दोन वर्षांपूर्वी या खेळाचे नियमही न जाणणारा हा गृहस्थ 'आपण' हा शब्द इतक्या सहजपणे वापरीत होता की मला त्याचे नवल वाटले.

या पद्धतीला तिकडे 'ड्राफ्ट' म्हणतात. महाविद्यालयांतून वा परदेशांतून येणारे नवे खेळाडू आपला संघ स्वतः शोधीत नाहीत. जून महिन्याच्या अखेरीस सर्व संघांचे प्रतिनिधी एकत्र येतात आणि पाळीपाळीने एकेक नाव पुकारतात. ज्या संघाने नाव पुकारले त्यालाच त्या मुलाशी करार करण्याचा हक्क. इतर संघांनी त्याच्या वाटेला जायचे नाही. सरलेल्या हंगामात जो संघ अधिक हरला त्याला आधी पाळी, हे मूळ तत्त्व. १९६६ पासून १९८४ पर्यंत पहिल्या क्रमांकासाठी पूर्व व पश्चिम विभागांतील तळाच्या संघांमध्ये नाणेफेक होत असे. १९८५ पासून सोडत आली. 'ड्राफ्ट' या शब्दाचा त्या देशातील दुसरा अर्थ सक्तीची लष्करभरती असा आहे, आणि व्हिएतनामच्या युद्धकाळात त्या शब्दाने घरोघर धास्ती पसरवली होती. खेळातला ड्राफ्ट त्या मानाने सुखाचा आणि पैशाचा. पण दोहोंत एक साम्य आहे. कोठे जायचे हे मुलाने ठरवायचे नसते.

पोर्टलंडचा संघ १९७० साली स्थापन झाला. अमेरिकेतील मोठ्या खेळांपैकी दुसऱ्या कोणत्याही खेळाचा तोलामोलाचा संघ त्या शहराला कित्येक दशके नव्हता. न्यू यॉर्क किंवा शिकागोच्या माणसाला एका संघावर रुसून दुसऱ्याकडे वळता येते. पोर्टलंडकराला ती सोय नव्हती. त्यामुळे १९७७ साली या संघाने विजेतेपद मिळवले तेव्हा शहर त्याच्यावर असे लुब्ध झाले की, त्या वर्षापासून १९९५ पर्यंत घरच्या मैदानावरील लागोपाठ ८१४ सामन्यांची सर्व तिकिटे विकली गेली. हे विजेतेपद आले ते बिल वॉल्टन या उंच खेळाडूमुळे. १९७४ च्या ड्राफ्टमध्ये त्याला पहिल्या पाळीत घेतले होते. पण त्याच्याही आधी, १९७२ साली, पहिली पाळी असताना याच संघाने लारू मार्टिन या दुसऱ्या एका उंच मुलाला घेतले होते. तो साफ अयशस्वी ठरला, आणि त्याच्या मागोमाग बफेलोने उचललेला बॉब मॅकाडू १९७५ साली सर्वोत्तम खेळाडू ठरला. वॉल्टनचे पायही पुढे वारंवार दुखावले आणि १९७९ साली तो पोर्टलंड सोडून गेला. म्हणजे उंच माणसाने या शहराला एकदा फसवले, एकदा तारले आणि तारतातारताच पुन्हा घायाळ केले. ही पार्श्वभूमी लक्षात घेतल्याशिवाय १९८४ साली काय घडले ते समजायचे नाही.

त्या वर्षी पोर्टलंडचा स्वतःचा संघ चांगला होता. पण तीन वर्षांपूर्वी एका खेळाडूच्या बदल्यात इंडियाना संघाची १९८४ ची पाळी त्याने मिळवून ठेवली होती, आणि इंडियाना नेमका पूर्व विभागात तळाला गेला. ह्यूस्टनबरोबर नाणेफेक झाली. ह्यूस्टनने ती जिंकली आणि मूळच्या नायजेरियातील हकीम ओलाजुवान याला घेतले. दुसरी पाळी पोर्टलंडची. पोर्टलंडकडे बाहेरून चेंडू टाकणारे, चपळ खेळाडू होते. क्लाइड ड्रेक्सलर हा त्यांच्यातला एक, आदल्याच वर्षी चौदाव्या क्रमांकावर घेतलेला. उणीव होती ती सेंटरची, म्हणजे बास्केटखाली पहाडासारखा उभा राहून प्रतिपक्षाला अडवणाऱ्या उंच खेळाडूची. म्हणून संघाने केंटकी विद्यापीठाचा ७ फूट १ इंच उंचीचा सॅम बोवी निवडला. तिसरी पाळी शिकागोची होती. शिकागोने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाचा मायकेल जॉर्डन घेतला.

पुढचे सर्वश्रुत आहे. जॉर्डनने शिकागोला सहा विजेतेपदे मिळवून दिली. त्यांतले १९९२ चे तर पोर्टलंडलाच अंतिम फेरीत हरवून. बोवी पोर्टलंडच्या पाच हंगामांत अवघे १३९ सामने खेळला. एक हंगाम त्याला पूर्ण मुकावे लागले. अमेरिकेत क्रीडाविषयक घोडचुकांची यादी कोणी करू लागला की पहिल्या काही ओळींत हे नाव येतेच. त्या वर्षी ऑलिंपिक संघाचे प्रशिक्षक असलेल्या बॉबी नाइट यांनी पोर्टलंडच्या व्यवस्थापकाला जॉर्डनला घेण्याचा सल्ला दिला होता. आम्हाला सेंटर हवा आहे असे उत्तर आल्यावर, मग त्यालाच सेंटर म्हणून खेळवा, असे ते म्हणाले, अशी कथा सांगतात. ती अक्षरशः खरी असो वा नसो, ती लोकांना आवडते. शहाण्याने इशारा दिला होता आणि मूर्खाने ऐकले नाही, अशा कथा कोणाला आवडत नाहीत?

परंतु परीक्षेचा निकाल लागल्यावर प्रश्नपत्रिका सोपी होती असे म्हणणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो. १९८४ च्या जूनमध्ये पोर्टलंडच्या जागी बसून विचार करावा. ज्या प्रकारच्या खेळाडूने सात वर्षांपूर्वी विजेतेपद दिले, त्याच प्रकारचा खेळाडू समोर आहे. ज्या जागेसाठी जॉर्डन हवा त्या जागी ड्रेक्सलर आहे, आणि ड्रेक्सलर काही लेचापेचा नव्हे. पुढे तो या खेळातील थोर खेळाडूंत गणला गेला. जॉर्डन उत्तम आहे हे सर्वांना दिसत होते. तो 'जॉर्डन' होईल हे मात्र कोणाला दिसले नव्हते, कारण तसा खेळाडू तोवर झालाच नव्हता. निर्णय आणि त्याचे फळ या दोन गोष्टी वेगळ्या असतात. वाईट फळ आले एवढ्यावरून निर्णय वाईट ठरत नाही. शेतकऱ्याने पाऊस पाहून पेरणी केली आणि पुढे महिनाभर उघडीप पडली तर त्याला आपण मूर्ख म्हणत नाही. अर्थात पोर्टलंडने ढग नीट पाहिले होते का, हा प्रश्न उरतोच, आणि त्याकडे मी पुढे वळणार आहे.

तेवीस वर्षांनी तोच पेच त्याच शहरापुढे पुन्हा उभा राहिला. २००७ च्या सोडतीत पहिला क्रमांक लागण्याची पोर्टलंडची शक्यता ५.३ टक्के होती, आणि तो लागला. ओहायो स्टेट विद्यापीठाचा ग्रेग ओडन हा सात फुटी सेंटर. उजव्या मनगटाला दुखापत असताना त्याने डाव्या हाताने फ्री थ्रो टाकून आपल्या विद्यापीठाला राष्ट्रीय अंतिम सामन्यापर्यंत नेले होते. टेक्सास विद्यापीठाचा केव्हिन ड्युरंट हा सडपातळ, लांब हातांचा, कोठूनही चेंडू टाकणारा. पण ड्राफ्टपूर्व चाचणीत १८५ पौंडांचे वजन त्याला एकदाही उचलता आले नाही, याची मोठी चर्चा झाली. ओडनचा पक्ष म्हणे, सेंटरशिवाय विजेतेपद कोणी पाहिले आहे? ड्युरंटचा पक्ष म्हणे, १९८४ विसरलात काय? आणि ओडनवाले उत्तर देत, १९७७ विसरलात काय?

मित्राला मी काय उत्तर दिले ते सांगायला हरकत नाही. मी म्हणालो, ओडनला घ्या. माझे कारण शास्त्रशुद्ध होते. साडेसहा-पावणेसात फुटांची चपळ माणसे जगात थोडी. पण सात फुटांची चपळ माणसे त्याहूनही थोडी. ज्याचा पुरवठा कमी त्याचे मूल्य अधिक. मित्राला हा युक्तिवाद फारच पटला, कारण त्याचे मत आधीच ओडनच्या बाजूचे होते. संघानेही ओडनलाच घेतले. हंगाम सुरू होण्यापूर्वीच सप्टेंबरात त्याच्या गुडघ्यावर शस्त्रक्रिया झाली आणि पहिले वर्ष वाया गेले. पोर्टलंडकडून तो एकंदर ८२ सामने खेळला. एका संघाच्या एका हंगामातील साखळी सामने बरोबर तितकेच असतात. ड्युरंट २०१४ साली सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि त्याने २०१७ व २०१८ साली गोल्डन स्टेट संघाबरोबर दोन विजेतेपदे मिळवली. दुर्मिळतेचा सिद्धांत वर्गात शिकवताना मला अजून तो फोन आठवतो.

या विषयावर अर्थशास्त्रज्ञांनी बरेच खणले आहे, आणि त्यातून निघालेले निष्कर्ष तज्ज्ञांना नम्र करणारे आहेत. केड मॅसी आणि पुढे नोबेल पारितोषिक मिळालेले रिचर्ड थेलर यांनी अमेरिकन फुटबॉलच्या ड्राफ्टचा अभ्यास करून २०१३ साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात असे आढळले की, एकाच जागेसाठी लागोपाठ निवडलेल्या दोन खेळाडूंपैकी आधी निवडलेला सरस ठरण्याची शक्यता नाणेफेकीपेक्षा थोडीशीच जास्त असते. तरीही वरची पाळी मिळवण्यासाठी संघ अवाच्या सवा किंमत मोजतात, कारण आपल्याला इतरांपेक्षा जास्त दिसते असे प्रत्येकाला वाटते. बास्केटबॉलबद्दल १९९५ सालचा स्टॉ आणि होआंग यांचा निबंध तर प्रत्येक शिक्षकाने वाचावा असा आहे. वरच्या क्रमांकाने निवडलेल्या खेळाडूला, त्याची प्रत्यक्ष कामगिरी सारखी असली तरी, खालच्या क्रमांकाच्या खेळाडूपेक्षा जास्त वेळ खेळवले जाते आणि तो जास्त वर्षे टिकतो, असे त्यांनी आकडेवारीने दाखवले. एकदा मोजलेली किंमत व्यर्थ गेली असे मान्य करणे मालकाला जड जाते. पहिल्या चाचणीत हुशार ठरलेल्या मुलाच्या पुढच्या उत्तरपत्रिका आपण कशा तपासतो, ते ज्याचे त्याने आठवून पाहावे.

इथवर आपण चाहत्यांच्याच बाकावर बसून बोललो. आता त्या बाकाविषयी बोलू. 'आपण कोणाला घ्यावे' असे विचारणारा माणूस नकळत मालकाच्या खुर्चीत बसलेला असतो. तो कारखान्यातला कामगार असेल, शाळामास्तर असेल, सरकारी कारकून असेल. स्वतःच्या नोकरीत बदलीचा हुकूम आला तर तो युनियनकडे धाव घेईल. पण या एका बाबतीत त्याला सारा हिशेब मालकाचा सुचतो. मुलगा किती स्वस्तात मिळेल, किती वर्षे बांधून ठेवता येईल, न चालल्यास त्याच्या बदल्यात काय पदरात पडेल. मुलाला पोर्टलंडला यायचे आहे का, हा प्रश्न त्या जून महिन्यातल्या माझ्या मित्राच्या तासाभराच्या फोनमध्ये एकदाही आला नाही. मलाही तो सुचला नाही, हे कबूल करतो.

ड्राफ्टचे समर्थन सांगितले जाते ते समतोलाचे. दुबळ्या संघाला चांगला खेळाडू मिळावा, म्हणजे स्पर्धा चुरशीची राहील. युक्तिवाद दिसायला समाजवादी आहे. पण या पद्धतीचा जन्म पाहा. १९३५ साली बर्ट बेल या फिलाडेल्फियाच्या फुटबॉल संघमालकाने ती सुचवली. चांगल्या खेळाडूंसाठी संघांनी एकमेकांवर बोली चढवायची आणि नाव असलेल्या संघांनी ती जिंकायची, हे त्याच्या दुबळ्या संघाला परवडत नव्हते. ड्राफ्टमुळे बोलीच बंद झाली. एका मुलाला एकच गिऱ्हाईक. खरेदीदारांनी आपसात ठरवून अशी मक्तेदारी साखरेच्या किंवा कापसाच्या बाजारात केली असती तर आपण तिला दुसऱ्या नावाने ओळखले असते. गंमत अशी की, १९३६ च्या त्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर पुकारलेला जे बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधी खेळलाच नाही. आणि बास्केटबॉलच्या १९४७ च्या पहिल्या ड्राफ्टमध्ये पहिला पुकारलेला क्लिफ्टन मॅकनीली याने टेक्सासमध्ये शाळेतील मुलांना खेळ शिकविण्याची नोकरी पत्करली. त्या काळी व्यावसायिक खेळात पैसा थोडा असल्यामुळे नकार देणे परवडत होते.

सायमन रॉटनबर्ग या अर्थशास्त्रज्ञाने १९५६ सालीच बेसबॉलवरील एका निबंधात समतोलाच्या या युक्तिवादाला सुरुंग लावला. खेळाडूवर मालकी संघाची असो वा खेळाडूची स्वतःची, तो शेवटी तिथेच पोचेल जिथे त्याची किंमत सर्वांत जास्त आहे. कारण मालक त्याला विकू शकतो. फरक पडतो तो एवढाच की ती किंमत कोणाच्या खिशात जाते. प्रत्यक्ष व्यवहार इतका सरळ नसतो हे मान्य. पण आपली पाळी विकून वा बदलून टाकणारे संघ पाहिले की रॉटनबर्ग आठवतो. इंडियानाच्या दुबळेपणाचे फळ पोर्टलंडला मिळाले ते याच मार्गाने.

न्यायालयात हे टिकले कसे? १९७१ साली स्पेन्सर हेवूड या खेळाडूने शालेय शिक्षणानंतर चार वर्षे थांबण्याच्या नियमाला आव्हान दिले आणि सर्वोच्च न्यायालयात त्याची सरशी झाली. ऑस्कर रॉबर्टसनच्या नेतृत्वाखाली खेळाडूंच्या संघटनेने १९७० मध्ये दाखल केलेल्या दाव्यात तर ड्राफ्टही आव्हानाखाली होता. १९७६ च्या तडजोडीत जुन्या खेळाडूंसाठी संघ बदलण्याची वाट खुली झाली, ड्राफ्ट मात्र राहिला. त्यानंतर तो उभा आहे तो संघटनेशी झालेल्या सामुदायिक कराराच्या पायावर. आणि येथेच खरी मेख आहे. करार करणारी संघटना आज खेळत असलेल्या खेळाडूंची. उद्या येणारा मुलगा तिचा सभासद नाही, त्याला मत नाही. १९९४ साली ग्लेन रॉबिन्सन या पहिल्या क्रमांकाच्या नवख्याने घासाघीस करून दहा वर्षांचा, ६.८ कोटी डॉलरचा करार मिळवला. पुढच्याच वर्षीच्या सामुदायिक करारात नवख्यांचे वेतन कोष्टकात बसवण्यात आले. नवख्यांचे वाचलेले पैसे जुन्यांच्या वाट्याला येणार असतील तर जुने कशाला भांडतील? २००५ च्या करारात एकोणीस वर्षांची अट आली, तीही याच दाराने. आतल्यांनी बाहेरच्यांच्या हक्कांवर तडजोड करायची, हा कामगार चळवळीच्या इतिहासातला जुनाच अध्याय आहे. आपल्याकडे कायम आणि हंगामी कामगारांच्या बाबतीत तो अनेकांनी अनुभवला आहे.

हरणाऱ्याला बक्षीस देणाऱ्या पद्धतीचे व्हायचे तेच झाले. फिलाडेल्फियाच्या संघाने २०१३ पासून तीन हंगाम जाणूनबुजून दुबळा संघ उतरवला. २०१५-१६ मध्ये त्याने ८२ पैकी ७२ सामने गमावले, आणि बरेच चाहते हे धोरण म्हणून उचलून धरत होते. २०१९ मध्ये सोडतीचे नियम बदलून तळाच्या तिन्ही संघांची शक्यता प्रत्येकी १४ टक्क्यांवर आणावी लागली. त्याविषयी अधिक लिहिण्याची गरज नाही. अनुदानासाठी पटसंख्या फुगवणाऱ्या संस्था ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना हे गणित ठाऊक आहे.

आता सॅम बोवीकडे परत जाऊ. तो महाविद्यालयात असताना त्याच्या डाव्या नडगीच्या हाडाला तडा गेला होता आणि दोन पूर्ण हंगाम तो खेळू शकला नव्हता. पोर्टलंडला हे ठाऊक होते. म्हणूनच त्यांनी ड्राफ्टपूर्वी त्याची सुमारे सात तास वैद्यकीय तपासणी केली. ढग पाहिले होते ते असे. २०१२ साली एका माहितीपटात बोवीने उघड सांगितले की, डॉक्टर हातोडीने नडगीवर ठोकत दुखते का विचारीत होते, तेव्हा त्याने नाही म्हणून सांगितले. पण आतून दुखत होते. आपल्यावर अवलंबून असलेल्या माणसांचा विचार मनात होता, आणि कोणीही तेच केले असते, असेही तो म्हणाला. या कबुलीवर अमेरिकेत पुष्कळांनी त्याला फसवणूक करणारा ठरवले.

मला तसे वाटत नाही. या सबंध व्यवहारात मुलाच्या हातात काय होते ते पाहा. संघ तो निवडू शकत नाही. गाव तो निवडू शकत नाही. संघाचे डॉक्टर त्याचे शरीर सात तास चाचपतात, पण त्याच्या बाजूने विचारणारा कोणी नाही. त्याच्यापाशी एकच गोष्ट अशी होती जी समोरच्याला ठाऊक नव्हती, ती म्हणजे त्याची स्वतःची वेदना. ती त्याने झाकली. खुल्या बाजारात कदाचित एखाद्या संघाने त्याला सांगितले असते की वर्षभर थांब, पाय बरा कर, आम्ही पैसे देतो. आणि त्याने खरे बोलण्यात त्याचा फायदा राहिला असता. ड्राफ्टमध्ये खऱ्याची किंमत एकच होती : दुसऱ्यावरून विसाव्यावर घसरणे. त्याचे खापर मी त्या तेवीस वर्षांच्या तरुणाच्या डोक्यावर फोडू शकत नाही. बोवी पुढे दुसऱ्या संघांकडून खेळत एकूण दहा हंगाम टिकला. १९८९ साली त्याच्या बदल्यात पोर्टलंडला बक विल्यम्स मिळाला आणि त्याच्या साथीने हा संघ १९९० व १९९२ साली अंतिम फेरीत पोचला, ही गोष्ट घोडचुकांच्या यादीत कोणी लिहीत नाही.

आणि ज्यांची निवड अचूक ठरली त्यांचे काय झाले? २००७ मध्ये दुसऱ्या पाळीत ड्युरंटला घेणारा संघ होता शेजारच्याच सिॲटल शहराचा. तिथल्या चाहत्यांचा कौल बरोबर निघाला. ड्युरंट त्या हंगामातला सर्वोत्तम नवखा ठरला. पण संघ २००६ साली ओक्लाहोमा सिटीच्या धनिकांनी विकत घेतलेला होता. २००८ साली, शहराला ४.५ कोटी डॉलर देऊन दावा मिटवून, त्यांनी तो संघ ड्युरंटसकट आपल्या गावी नेला. चाळीस वर्षे 'आपला संघ' म्हणणाऱ्या सिॲटलकरांना एक दिवस कळले की 'आपला' हा शब्द कोणत्याही कागदावर नव्हता. मुलाला कोठे जायचे ते विचारले नव्हते. तसे त्यांनाही विचारले नाही.

आपल्याकडे हे काही नाही, असे समजण्याचे कारण नाही. २००८ साली आय. पी. एल.च्या पहिल्या हंगामापूर्वी नामवंत खेळाडूंचा लिलाव झाला, पण एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकून आलेल्या मुलांची वाटणी ड्राफ्टनेच झाली. पहिली पाळी दिल्लीची. विजेत्या संघाचा कर्णधार विराट कोहली हा दिल्लीचाच मुलगा. पण दिल्लीकडे फलंदाज भरपूर होते, म्हणून त्यांनी प्रदीप सांगवान हा जलदगती गोलंदाज घेतला. कोहली बंगळूरकडे गेला आणि तिथेच राहिला. पोर्टलंडचा १९८४ चा युक्तिवाद शब्दशः तोच होता. बंगळूरला २०२५ साली विजेतेपद मिळाले तेव्हा दिल्लीकरांनी काय म्हटले असेल याची कल्पना करता येते. तेही हातातून गेलेल्या 'आपल्या' मुलाबद्दलच बोलले असतील.

माझ्या मित्राचा फोन दर जूनमध्ये अजून येतो. आता तो चाळीस-पन्नास नावे धडाधड सांगतो, आणि मी दुर्मिळतेविषयी काही बोलत नाही. ओडनचा विषय आमच्यात बरीच वर्षे थट्टेचा होता. २०१९ च्या मे महिन्यात मात्र त्याचा फोन अवेळी आला. ओडनने ओहायो स्टेट विद्यापीठात परत नाव घालून, बारा वर्षांपूर्वी अर्धवट सोडलेली पदवी एकतिसाव्या वर्षी पुरी केली होती. "तुला म्हणून मुद्दाम सांगतो," मित्र म्हणाला, "आपला ओडन पास झाला."